चाळीच्या भिंती निर्दोष आहेत

पेडणेकर सिस्टरना एखादी गोष्ट पटली नाही की त्या वाद घालत नसत. चष्मा कपाळावर चढवायच्या, समोरच्याकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं. हेच लिहून दे." दूधवाला म्हणाला दुधात पाणी नाही, लिहून दे. चाळ कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले टाकी गेल्याच महिन्यात धुतली, लिहून द्या, खाली सही करा. निम्मी माणसं तिथेच गळायची. उरलेली खरं बोलत असायची, त्यांना सिस्टर चहा पाजायच्या.

ही सवय वॉर्डातली. परळच्या एका सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, त्यांनी सगळी नोकरी काढली. एखादा शिकाऊ डॉक्टर तोंडी डोस सांगून पळायला लागला की या दारात आडव्या उभ्या. "डॉक्टर, पेपरवर लिहा, सही करा, मग देते." मला म्हणायच्या, "लिहायला बसला की माणूस विचार करतो गो. जिभेला काय, हाड नसतं." त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची अख्ख्या चाळीत कुणाची छाती झाली नाही. गेल्या श्रावणात त्या गेल्या. दोन दिवस जरा धाप लागली, तेवढंच. त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी वॉर्डातल्या गोष्टी सांगत नाही, त्या मी बघितलेल्या नाहीत. मी आमच्या घरच्या इंटरनेटची गोष्ट सांगते.

मी त्यांची शेजारीण. लालबागची चाळ, दुसरा मजला, आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. मी एका विमा कंपनीचे फोन घ्यायचे, दवाखान्याच्या बिलांचे दावे का अडलेत ते लोकांना समजावून सांगायचं काम. ऑफिस ऐरोलीला. आईसाठी मी घरून काम मागून घेतलं होतं. डोक्याला हेडफोन, डाव्या हाताला आईचा पलंग, उजव्या हाताला मोरी. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, दोन कॉलच्या मध्ये. नेट होतं म्हणून हे सगळं जमत होतं. नेट नसेल तर ऐरोली, आणि मी ऐरोलीला गेले तर आईची रवानगी बदलापूरच्या सेवाकेंद्रात. ते केंद्र मी एकदा बघून आले होते. रांगेत पलंग, आणि खिडकीकडे पाठ.

झालं असं, की नेटच्या कंपनीने फुकटात जास्त वेगाचा नवा राऊटर दिला. फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतेय! नवरात्राच्या तिसऱ्या माळेला त्यांचा माणूस आला, जुना डबा काढून नवा लावून गेला. चार दिवस झकास चाललं आणि मग सुरू झाली कटकट. बोलता बोलता कॉल तुटायचा. समोर एखादा म्हातारा आपल्या बायकोच्या ऑपरेशनचं सांगत असायचा आणि मी गायब. तीन मिनिटांनी नेट परत यायचं, पण तोवर त्याने मला शिव्या घालून फोन ठेवलेला असायचा.

मी हेल्पलाईनला फोन केला. "मॅडम, बंद करून चालू करा." केलं. पुन्हा फोन. "मॅडम, जागा बदलून बघा." तिसऱ्या वेळी म्हात्रे नावाचा त्यांचा जुना, अनुभवी टेक्निशियन आला. त्याने मोबाईलवर काहीतरी बघितलं, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मॅडम, या जुन्या भिंती. दीड-दीड फुटाच्या. चाळीत असंच असतं, काय करणार? टॉवरमध्ये हा प्रॉब्लेम नाही येत." मी मान डोलावली. आत कुठेतरी मलाही वाटलंच की चाळीत असंच असतं. तो गेला आणि अर्ध्या तासात कॉल पुन्हा तुटला. आमची टीम लीडर श्वेता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तिचा मेसेज आला: "वैशाली, या महिन्यात हे असंच राहिलं तर एक तारखेपासून ऐरोलीला यावं लागेल. सॉरी."

मी फोन पलंगावर आपटला आणि रडायला लागले. म्हणजे रडणं कमी आणि शिव्या जास्त. भिंत दीड फुटाची असली तरी माझा आवाज पलीकडे गेला, कारण सिस्टर दार न वाजवता आत आल्या.

"काय गो, कोण मेलं?"

मी सगळं सांगितलं. भिंतींचं सांगितलं तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"चाळीमुळे होतं असं तो म्हणाला? लिहून दिलं?"

"सिस्टर, तो कशाला लिहून देईल?"

"मग त्याला माहीत नाही. ज्याला माहीत नसतं तो आधी पेशंटच्या गरिबीला दोष देतो. तेवढं एक कळतं मला, माका शिकवू नको." मग जरा नरमून विचारलं, "तू काय काय केलंस आतापर्यंत?"

मी अभिमानाने यादी सांगितली. कालच्या एका दिवसात मी वायर बदलली, डबा माळ्याच्या कठड्यावर ठेवला, पासवर्ड बदलला आणि आईच्या हवेच्या गादीचा पंप दुसऱ्या बोर्डावर लावला. सिस्टर कपाळावर हात मारून खाली बसल्या.

"अगो बाय माझे! चार औषधं एकदम दिलीस. आता ताप उतरला तर कुणामुळे, आणि चढला तर कुणाच्या नावाने बोंबलायचं? सगळं होतं तिथे परत ठेव. उद्यापासून एका वेळी एकच."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या ट्रंकेतला एक जुना कागदाचा गठ्ठा घेऊन. वॉर्डातले तापाचे तक्ते, चौकटी छापलेले, निवृत्तीच्या दिवशी उरलेले त्यांनी सरळ उचलून आणले होते. "सरकारने मला पेन्शन दिली, कागद मी घेतले," असं त्या बिनदिक्कत सांगायच्या. एक तक्ता त्यांनी क्लिपने खिळ्याला टांगला, राऊटरच्या शेजारी. पेशंटचं नाव लिहिलं, 'नवा डबा'. खाट नंबर, वैशू राणेची खोली. तक्रार, अधूनमधून चालेनासा होतो. आई डाव्या बाजूने हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

आणि मग ही बाई दुपारची भांडी आवरून स्टुलावर बसायला लागली. हातात निळं आणि लाल पेन. चालू आहे तोवर निळी रेघ, बंद पडला की लाल फुली, वेळ आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं ते. मिक्सर, पंखा, गादीचा पंप, माझा कॅमेरा. मला विचारायच्या, "बंद पडतो तेव्हा काय दिसतं?" मी म्हटलं, "लाल दिवा लागतो." दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "खोटं. लाल दिवा नंतर लागतो. आधी सगळे दिवे एकदम विझतात. मग एकेक करून पेटतात, त्यातला मधला लाल. तू नेट गेल्यावर मान वर करतेस, म्हणून तुला फक्त लाल दिसतो." मी तीन आठवडे कंपनीला लाल दिवा, लाल दिवा म्हणून सांगत होते.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे याला दम लागत नाही, हा चक्कर येऊन पडतो. दोन्हीचं औषध वेगळं. आता मला सांग, तुझ्या कॉम्प्युटरपर्यंत हे नेट हवेतून येतं ना? मग हवा मधनं काढता येते का?"

काढता येते की. मी लॅपटॉपला केबल लावली, दुसरं टोक सरळ राऊटरमध्ये. हातभर अंतर, मध्ये भिंत नाही, दार नाही, काही नाही. साडेतीनच्या मीटिंगला कॅमेरा चालू केला आणि सहाव्या मिनिटाला डबा पुन्हा आडवा. सिस्टरनी लाल फुली मारली आणि आनंदाने माझ्या पाठीत धपाटा घातला. "सुटल्या! भिंती सुटल्या!" गॅलरीत जाऊन त्यांनी ही बातमी मोठ्याने सगळ्या मजल्याला दिली. नेटचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, पण भिंती सुटल्या म्हणजे चांगलंच झालं असेल म्हणून दोघी-तिघींनी बरं बरं म्हटलं.

त्याच दिवशी त्यांनी कंपनीला हाताने पत्र लिहिलं. तक्त्याची नक्कल जोडली. 'दोष चाळीचा नसून सर्वस्वी तुमच्या डब्याचा आहे' असं वाक्य होतं, आणि 'सर्वस्वी'च्या खाली दोन रेघा. मी फोटो काढून मेल केला. उत्तर म्हणून आपल्या तक्रारीची नोंद झाली आहे असा मेसेज आला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

तक्त्यावर आता एक गोष्ट मलाही दिसायला लागली होती. मिक्सरचा संबंध नव्हता, पंपाचा नव्हता. मी नुसती फोनवर बोलत असताना तो कधीमधी पडायचा, पण कॅमेरा लावला किंवा मोठ्या फायली पाठवल्या की हमखास. सिस्टर तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "जिना चढला की चक्कर. बसून असला की ठीक. अशी बाई वॉर्डात आली की मी पहिलं काय विचारायची? काय जेवलीस? हा काय खातो?"

"कोण?"

"हा डबा. याला करंट कुठून मिळतो?"

राऊटरची काळी वायर भिंतीवरून खाली जात होती आणि देवघराच्या मागे नाहीशी होत होती. प्लग तिथेच मागे. आमचं देवघर म्हणजे लाकडी, वडिलांनी करून घेतलेलं, आणि आईचा नियम होता की त्याला उगाच हात लावायचा नाही. म्हात्रेनेही लावला नव्हता, लांबूनच नमस्कार केला होता. सिस्टर आईकडे वळल्या. "वहिनी, देवांना जरा सरकवते. आंघोळ केलेली आहे. तुझी देवी काय रागावायची ती माझ्यावर रागवू दे." आईने मान हलवली. सिस्टरनी नमस्कार केला, देवघर वीतभर पुढे ओढलं आणि भिंग घेऊन मागे वाकल्या.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायचं, ही त्यांची शिस्त होती: उचलताना, भरताना, परत ठेवताना. प्लगवरचं बारीक अक्षर त्यांनी तसंच वाचलं. मग राऊटर उलटा करून त्याच्या पोटावरचं वाचलं. मग पुन्हा प्लगवरचं. डब्याला हवा होता दीड ॲम्पियर. प्लग देत होता अर्धा.

"वैशू, हा प्लग या डब्याचा नव्हे."

आणि मला एकदम सगळं आठवलं.  तिसरी माळ. देवघरापुढे घट बसलेले, परडीत धान्य उगवून आलेलं, अखंड दिवा तेवत होता. तो माणूस म्हणाला होता, मागचा प्लग बदलायचा तर हे सगळं सरकवावं लागेल. आई पलंगावरून जड जिभेने ओरडली होती, "घट हलवायचा नाही!" मीही तेच म्हटलं होतं. नऊ दिवस घट हलवत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. त्याने जुना प्लग तसाच राहू दिला, त्याची पिन नव्या डब्यात बसतेय हे बघितलं, दिवे लागले, तो म्हणाला चालतंय, मी म्हटलं दसऱ्यानंतर बदलू. नवा प्लग खोक्यात घालून मीच माळ्यावर टाकला होता. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं.

मी माळ्यावर चढले. खोकं होतं. नवा प्लग प्लास्टिकच्या पिशवीत, तसाच्या तसा. तो लावला, कॅमेरा लावला, सगळ्यात मोठी फाईल पाठवली. सिस्टर तासभर निळी रेघ ओढत बसल्या. डबा पडला नाही. पलंगावर आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्यामुळे," ती म्हणाली.

"गप गो," सिस्टर म्हणाल्या. "घट हलवू दिला नाहीस, बरोबर केलंस. मी पण दिला नसता. दसऱ्यानंतर आठवण ठेवायची होती, ती या घोडीने ठेवली नाही."

मी हसत होते, मला काही लागलं नाही. मला एवढंच वाटत होतं की सुटलो. मग मी म्हटलं, "आता चालू झालंय ना सिस्टर, गप बसू या. कंपनीला काही कळवायला नको. श्वेताला सांगते, त्यांचा डबा खराब होता."

सिस्टर अशा रागावल्या की मी एक पाऊल मागे सरले. म्हणाल्या, "बारा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन मी एकदा चौदा नंबरला दिलं. बाईला काही झालं नाही. कुणी बघितलं नव्हतं. मी स्वतः पेपरवर लिहिलं, वेळ घालून, सही करून. मेमो मिळाला, बढती मागे पडली. त्यानंतर पंधरा वर्षं मी मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडले, आणि एकाची हिंमत झाली नाही मला सिस्टर तुमचं काय म्हणायची. भांडायचं असेल ना, तर आपली चूक आधी आपणच बोलायची, तेवढ्याच मोठ्या आवाजात. मग कुणाच्या बापाला भ्यायला नको."

दुसरं पत्र त्यांनी मला सांगून लिहायला लावलं. 'आधीच्या पत्रातील सर्वस्वी हा शब्द मी मागे घेते. अर्धी चूक आमची. घट बसलेले असल्यामुळे आम्ही तुमच्या माणसास प्लग बदलू दिला नाही व नंतर विसरलो. अर्धी तुमची. तुमच्या पहिल्या माणसाने जुना प्लग जोडून चालते असे सांगितले व दुसऱ्याने काहीही न उघडता चाळीला नावे ठेवली. चाळीच्या भिंती निर्दोष आहेत, याची नोंद घ्यावी.' चार दिवसांनी म्हात्रेचा फोन आला. सिस्टरनी स्पीकरवर घ्यायला लावला. तो ओशाळून म्हणाला, "मावशी, सॉरी. प्लग मी बघायला पाहिजे होता." त्यांनी त्याला चहाला बोलावलं, आणि तो खरंच आला.

श्वेताला मी खरं सांगितलं, आणि व्हायचं तेच झालं. ती स्क्रीनवर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "म्हणजे चूक तुझ्याकडूनच होती. मग तर मला वर काय सांगायचं? आणि वैशाली, खरं सांगू का, चाळीतलं घर, पेशंट, एवढ्याशा जागेत हे काम... ऐरोलीच बरं नाही का?"

सिस्टर पलंगाच्या कडेला आईला पेज भरवत होत्या, कॅमेऱ्यात दिसत नव्हत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. बोलायचं ते मलाच होतं. 

"श्वेता, चूक होती, ती शोधली, काढली. सोळा दिवसांचा तक्ता पाठवलाय, एकही कॉल तुटलेला नाही. सतराव्या दिवशी तुटला तर बोलव. पण मी चाळीत राहते म्हणून बोलावत असशील तर मी येणार नाही. काढून टाक. मी सगळ्यांना सांगेन का काढलं ते."

 श्वेता म्हणाली, "ठीक आहे. पण एक. एक जरी कॉल तुझ्याकडून तुटला, तर ऐरोली. चालेल?" मी म्हटलं चालेल. कॅमेरा बंद केला आणि सिस्टरकडे बघितलं. त्या आईचं तोंड पुसत म्हणाल्या, "आवाज बारीक होता. पण बरा होता."

त्यानंतर आई सव्वा वर्ष जगली. तिच्या पलंगावर, खिडकीकडे तोंड करून, खालच्या मसाल्याच्या गिरणीत मिरची कुटायला आली की ठसकत आणि माझे कॉल ऐकत. एकही कॉल तुटला नाही.

गुरुवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते. नाशिकच्या एका गृहस्थाचा दावा अडला होता, मी त्यांना कागद कुठले लागतील ते सांगत होते. सिस्टर आईजवळ बसल्या होत्या, सकाळपासूनच त्या उठल्या नव्हत्या. त्यांनी आईच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ये," त्या म्हणाल्या.

मी मान हलवून हेडफोनकडे बोट दाखवलं. एक मिनिट. एकच.

"वैशू. कट कर तो. ये."

ते गृहस्थ वाक्याच्या मध्यावर होते. मी कॉल कापला, हेडफोन काढून फेकला आणि आईचा हात धरला. हात गरम होता. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखून बघितलं, आणि दहा-बारा श्वास घेतले. मी तिथे होते. सिस्टरनी आईचे डोळे मिटले, आणि मला जवळ घेऊन त्या स्वतः हुंदके देऊन रडल्या. तोपर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

चौदा दिवसांनी मी कामावर बसले. श्वेताने आईचं विचारलं, मनापासून विचारलं. मग जरा अवघडून म्हणाली, "वैशाली, त्या गुरुवारचा एक कॉल तुटलेला दिसतोय, तीन वाजून बारा मिनिटांनी. मला कारण भरायचंय. तुझं नेट गेलं होतं असं टाकते, चालेल ना? मी सांभाळून घेईन."

"नको," मी म्हटलं. "नेट चालू होतं. कॉल मी कापला."